स्टेअरिंगमधला चार बोटांचा प्ले

आमच्या गावात जीप रस्त्यावर डुलली तर लोक ड्रायव्हरचं तोंड हुंगतात. जीपखाली वाकून कुणी बघत नाही. वाकलं की कपड्यांना माती लागते. हुंगायला नुसतं नाक पुढं करावं लागतं. हे आठवलं की मला आजही राग येतो, आणि तो निवावा म्हणून मी हे लिहीत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, गाव ते लोहारा अशी काळी-पिवळी चालवतात. अक्का गावातच दिलेली. मी लोहाऱ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, आणि रोज सकाळी दाजींच्याच जीपनं कामावर जातो. जीप जुनी आहे. किती जुनी ते कागदावर लिहिलेलं आहे, पण कागदावरची जीप आणि रस्त्यावरची जीप यांच्यात आता नंबराखेरीज फारसं काही सारखं राहिलेलं नाही.

पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच माणसं बसतात. डावीकडं तिघं, मग दाजी, आणि दाजींच्या उजव्या अंगाला, त्यांच्या आणि दाराच्या मधल्या फटीत, एक. ही फट माझी. मेव्हण्याला मागं कोंबायचं नाही, असा दाजींचा रिवाज. माझा गुडघा दुखतो म्हणून चढताना मी एका हातानं दाराची चौकट धरतो, दुसऱ्या हातानं स्टेअरिंग पकडतो आणि स्वतःला वर ओढून घेतो; उतरतानाही तोच आधार. ज्या दिवशी मी नसतो त्या दिवशी त्या फटीत जो बसतो तोही असाच चढतो. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. धरायला ते एकच गोल, मजबूत आणि हाताशी होतं.

रब्बीची पेरणी चालू असताना जीप डुलायला लागली. सरळ रस्त्यावर थोडी डावीकडं, मग थोडी उजवीकडं. दाजी दोन्ही हातांनी स्टेअरिंग सारखं इकडंतिकडं करत राहायचे. एक दिवस फाट्यावर थांबल्यावर त्यांनी मला चार बोटं जोडून दाखवली.

"पाव्हणं, स्टेअरिंगमधी प्ले आलाय. एवढं फिरवलं तरी चाकाला पत्ताच न्हाय."

मी मान हलवली. यंत्राबद्दल कुणी काही बोललं की मी मान हलवतो. वाचन भरपूर असलं की माणसाला न कळलेल्या गोष्टीलाही योग्य ठिकाणी मान हलवता येते.

लोहाऱ्यात स्टँडजवळच्या एका फिटरनं पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकं बदलली. ती झिजलीच होती. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी जीप पुन्हा डुलली. मागच्या बाकावर भाजीची पाटी घेऊन बसणारी एक मावशी आहे, ती ओरडली, "आरं, आज लई झोके देतोय रं तुजा पाळणा!" सगळे हसले. दाजीही हसले. तेव्हा ती थट्टाच होती.

थट्टेचं दुसरं काहीतरी व्हायला आठ दिवस लागले. कुणीतरी म्हणालं, घेत असंल. कुणीतरी म्हणालं, सकाळचीच? मग तिसऱ्यानं जुनी गोष्ट काढली. दाजींचे वडील दारूपायी गेले, हे गावाला माहीत आहे. दाजींनी त्यामुळं आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नाही, हेही गावाला माहीत आहे. पण गावानं यातला पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला. "बापाचं रक्त हाय ते," असं म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःचा बाप अतिशय सज्जन होता, आणि त्याच्यात ते रक्त कुठंही दिसत नाही. पण वंशशास्त्र नेहमी दुसऱ्याच्याच घरी लागू होतं.

कॉलेजला जाणाऱ्या तीन मुली रोज आमच्या जीपनं यायच्या. एके सकाळी त्यांच्यातल्या एकीचा बाप स्टँडवर एकटाच उभा दिसला. दाजींनी जीप थांबवली. तो म्हणाला, "न्हाय न्हाय, तुमी निगा. आज सुट्टी हाय त्येंना." आम्ही वळणावर पोचलो तेव्हा मागं एसटी येऊन थांबली आणि तिघी तिच्यात चढताना आरशात दिसल्या. मी आरशात बघत होतो. दाजीही आरशात बघत होते. जीप डावीकडं गेली, त्यांनी ती सावरली.

आता माझं सांगतो. दाजींना मी कसं विचारणार? बहिणीच्या नवऱ्याला मेव्हण्यानं असलं काही विचारायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. म्हणून मी त्याहून हलकं काम केलं. अक्काला फोन लावला आणि म्हणालो, "अक्का, एकदा त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघ की."

"आरं, तुला लाज न्हाय का वाटत?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. "हुंगलं. डिझेलचा वास येतोय. झालं समाधान तुजं?" तिनं फोन ठेवला नाही. तशीच धरून राहिली. शेवटी मीच ठेवला.

त्याच सुमारास लोहाऱ्यात नवं गॅरेज निघालं. उद्घाटनाला फीत, फुगे, चाळीस चेहऱ्यांचा फ्लेक्स, आणि खुर्च्या आमच्या वाचनालयाच्या. आमच्या वाचनालयाची पुस्तकं फारसं कुणी नेत नाही, पण खुर्च्यांना मोठी मागणी असते. या गॅरेजात चाकांची सरळता मोजणारं संगणकाचं मशीन आलं होतं. मला वाटलं, विज्ञानानंच काय तो निकाल लागू दे. मीच दाजींना आग्रह करून जीप तिथं घेऊन गेलो.

मालक पांढराशुभ्र शर्ट घालून उभे होते. गाड्या दुरुस्त करणाऱ्याचा शर्ट इतका पांढरा असेल तर माणसानं तिथंच सावध व्हायला हवं. चाकांना चकत्या लावल्या, पडद्यावर रेषा उमटल्या, आणि छापील कागद बाहेर आला. त्यावर सगळे आकडे हिरव्या रंगात होते.

"गाडी एकदम ओके," मालक म्हणाले.

"पण स्टेअरिंगमधी प्ले हाय," दाजी म्हणाले. "एकदा खालून बघा की."

मालकांनी कागदावर बोट ठेवलं. मग दाजींकडं न बघता मला म्हणाले, "सर, मशीन खोटं बोलत नाही. गाडीत काही नाही. ड्रायव्हर बघा."

तिथं आमच्या गावची दोन माणसं ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला आलेली होती. त्यांनी ते ऐकलं. कागदही पाहिला. संध्याकाळपर्यंत गावात तो हिरवा कागद प्रत्यक्ष न पाहिलेला माणूस उरला नव्हता, असं म्हणायला हरकत नाही. कारण प्रत्येकजण त्याचं वर्णन करत होता. दाजी पितात हे आता संगणकानं सिद्ध केलं होतं.

मग शाळेच्या पटांगणात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला.

अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडं असतं. गावात शुद्ध बोलणारा एकजण लागतो, माइकच्या स्टँडसारखा. सरपंच आदल्या दिवशी म्हणाले होते, "सर, दाजीलाबी पुढं बसवा. काय करायचं न्हाय. सगळ्यांसंगट शपथ घ्यायची. शपथंनं कुणाचं काय जातंय?" मला ते पटलं. शपथ सगळेच घेणार होते. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि त्यांनी संयमावर भाषण केलं. त्यानंतर सरपंचांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. वर लिहिलं होतं, 'संकल्पवीर'. खाली पाच नावं. आजपासून दारू सोडणाऱ्यांची. शाल, नारळ आणि माइकवरून स्वतंत्र शपथ. चौथं नाव दाजींचं होतं.

पहिली तीन नावं वाचेपर्यंत मला वेळ होता. माइक बंद पडला असं सांगता आलं असतं. चिठ्ठी फाडता आली असती. निदान ते नाव गाळता आलं असतं. मी ते वाचलं. स्पष्ट, शुद्ध, योग्य तो विराम घेऊन वाचलं, आणि टाळ्यांचं आवाहनही केलं.

दाजी उठले. माझ्याकडं बघितलंही नाही. हात पुढं धरून त्यांनी शपथ घेतली की, मी आजपासून दारूला शिवणार नाही. बायकांमध्ये अक्का बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. नंतर मी दाजींना विचारलं, तुम्ही गेलातच का? ते म्हणाले, "न्हाय गेलो असतो तर म्हणले असते, आत्ताबी पिऊन बसलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप घरापुढच्या चिंचेखाली लावली, चावी अक्काच्या हातात दिली आणि शेतावर निघून गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. अक्का माझ्या दारात आली. माझ्या घरात पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "जीप इकतो म्हणतेत. इकली तर पुन्ना त्यो माणूस कशालाच हात लावायचा न्हाय. तू नाव वाचलंस ना? आता तूच काय ते बघ."

फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री आहेत. फ्लेक्स नाही, मशीन नाही, शर्ट कोणत्या रंगाचा होता ते सांगता येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. शपथेचंही सांगितलं. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"खालून कुणी बघितलं का?"

"नाही."

"मंग येवढे दिवस काय बघितलं?"

जीप इथं आणू नका, मीच येतो, असं म्हणून ते पाने सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घालून माझ्या मोटारसायकलवर बसले. चिंचेखाली आल्यावर ते पोतं त्यांनी जीपखाली अंथरलं. दाजी गोठ्याच्या कोपऱ्याशी उभे होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "बसा वर. नुसतं स्टेअरिंग हळू डावं-उजवं करायचं."

"मला न्हाय बसायचं तिथं," दाजी म्हणाले.

मग मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर. स्टेअरिंग हलवलं आणि हाताला काहीच लागलं नाही; भुसभुशीत मातीत खुंटी हलवावी तसं ते आलं आणि गेलं. एक बोट, दोन, तीन, चार. चार बोटांनंतर कुठं चाकाला जाग आली. ही जीप दाजींनी खड्ड्यांतून, चौदा माणसं भरून, सव्वा महिना चालवली होती, आणि एकदाही ती रस्त्याखाली उतरली नव्हती. रोज त्यांच्या शेजारी बसून मला हे कळलं नाही. मला वाटत होतं, ते नीट चालवत नाहीयेत.

खालून मिस्त्रींचा आवाज आला. "सर, तुमी खाली या. कुणीतरी शिकल्यालं बघाया पायजे, न्हायतर उद्या म्हणतील मिस्त्रीबी पितोय." मग आवाज चढवून म्हणाले, "अन् दाजी, आता तुमीच बसा. सरांचा हात लई पुस्तकी हाय."

मी उतरून पोत्यापाशी वाकलो. मग जीप किंचित वाकली. दाजी बसले होते.

मी पोत्यावर उताणा झालो. मिस्त्रींनी बॅटरीचा झोत टाकला आणि वरून खाली एकेक सांधा दाखवत गेले. "ह्यो दांडा फिरतोय, बघा. ह्यो जोड बी फिरतोय. जिथं वरचं हलतंय अन् फुडचं गप बसतंय, तिथं दुखणं." दाजी वर स्टेअरिंग हलवत होते. दांडा ज्या लोखंडी पेटीत जातो ती स्टेअरिंगची पेटी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, तीन बोल्टांनी घट्ट बसवलेली असते. ती फिरवण्याचा जोर चाकांकडं पाठवते. इथं चाकांकडं काही जात नव्हतं. पेटीच हलत होती, हिरडीतल्या सैल दातासारखी. एक बोल्ट नव्हताच. उरलेल्या दोघांची भोकं लांबट झाली होती आणि एका भोकापासून चासीला बोटभर तडा गेला होता. चिखलाखाली झाकलेला. मिस्त्रींनी अंगठ्यानं चिखल पुसला आणि तो दिसला. अंगठ्यानं. त्यापलीकडं काही लागलं नाही.

"मशीन?" मी विचारलं.

"मशीन खोटं न्हाय बोललं. त्येला इचारलं चाकं सरळ हायती का, त्ये म्हणलं हायती. चाकं सरळच हायती की." मग तड्याकडं बघत म्हणाले, "वजन लई. अन् उभ्या गाडीत स्टेअरिंग वढलं की ह्येचा जीव जातो. ह्येला धरून कोण चढतंय का वो? बोल्ट वरच्या अंगाला वढल्यागत दिसतोय."

वर दाजींचा हात थांबला.

"कुणी न्हाय," दाजी वरून म्हणाले. "रस्ताच खराब हाय."

मी पोत्यावर पडून होतो आणि तोंडावर माती गळत होती. मी हे तेव्हा बोललो नाही, म्हणून इथं लिहितो. सगळा तडा माझ्यामुळं गेला असं मिस्त्रीही म्हणाले नसते. पण त्यातला काही भाग माझ्या गुडघ्याचा आणि माझ्या हाताचा होता, आणि ज्या माणसाचं नाव मी माइकवरून वाचलं त्यानं माझं नाव घेतलं नाही.

चासीला जाड पट्टी जोडली, तीन नवे बोल्ट बसवले. दाराच्या चौकटीला मिस्त्रींनी न विचारता एक लोखंडी कडी जोडून दिली. "ह्येला धरा," एवढंच म्हणाले. कुणाला ते म्हणाले नाहीत.

जीप सरळ चालायला लागली. मी त्याच दिवशी सरपंचांकडं गेलो. एका अंगानं झिजलेला जुना बोल्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं समजावलं. म्हणालो, स्पीकरवरून जाहीर करा. त्यांनी बोल्ट हातात घेतला, उलटासुलटा केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी आता गाडी सरळ जातीया?"

"हो."

"बघा सर! शपथंचा गुण!"

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. कार्यक्रमाचा अहवाल वर पाठवायचा होता आणि पाचपैकी चार संकल्पवीर आठवड्याच्या आत पूर्वपदावर गेले होते. एकटे दाजी टिकले होते, आणि ते स्वाभाविक होतं. "तेवढी यशोगाथा लिहून द्या, धा ओळी," ते म्हणाले. मी लिहून दिली. स्टेअरिंगची पेटी, तीन बोल्ट, बोटभर तडा. त्यांनी ती वाचून परत केली. "सर, ह्यात माणूस कुठंय? नुस्तं नटबोल्टच हायती." पुढं त्यांनी ती दुसऱ्याकडून लिहून घेतली. मी आता सूत्रसंचालन करत नाही. गावाचं त्यानं काही अडलेलं नाही. माइकला दुसरा स्टँड मिळाला.

ज्वारी हुरड्यावर आली तोवर सीटा भरल्या. त्या तीन मुलीही आल्या. त्यांच्यातल्या एकीच्या त्याच बापानं दाजींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाबास! मरद गडी." ज्या गुन्ह्याचा आरोप खोटा होता, त्यातून सुधारल्याबद्दल ही शाबासकी होती. मी तोंड उघडलं. दाजींनी इंजिन चालू केलं.

त्या सकाळी जीप गच्च होती. मी कडी धरून चढलो आणि माझ्या फटीत बसलो. गाव मागं पडल्यावर भाजीवाली मावशी मागून मायेनं म्हणाली, "बरं झालं बाबा सोडलीस. आता कसं, पोटातलं पाणी हलत न्हाय."

माझा तोल गेला. मी मागं वळून, चौदा माणसांना, चासी म्हणजे काय, पेटी म्हणजे काय, तडा कुठं होता, सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. दाजींनी कधी थेंब घेतला नाही, हेही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मावशी म्हणाली, "व्हय बाबा. मेव्हणा हायस, तू आसंच म्हणणार."

पुढं रस्ता सरळ होता, समोर कुणी नव्हतं. दाजींनी वेग कमी केला. मग दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. जीप आखल्यासारखी सरळ जात राहिली. मुलींपैकी एकीनं पुढचा बाक घट्ट धरला.

"आरं ये, काय करतुयास! धर की त्ये!" मावशी किंचाळली.

दाजींनी हात परत ठेवले. सावकाश, जिथून उचलले होते तिथंच.

"धरलंय, मावशी," ते समोर बघत म्हणाले. "डुलत हुती तवाबी धरलंच हुतं."

लोहारा आला. उतरताना मावशीनं पाटीतून मेथीची एक जुडी काढली आणि दाजींच्या समोर, काचेपाशी ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुज्या बहिनीला दे म्हणावं." मी उतरायला लागलो. सवयीनं हात स्टेअरिंगकडं गेला होता. मी तो मागं घेतला आणि कडी धरली.